एकच गाडी

“बरं. मग नाही कोणाला म्हणू?”

आमच्या डॉक्टरबाईंचं हे ठरलेलं वाक्य. मागणी घेऊन आलेल्या माणसाचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या, चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि हे विचारायच्या. समोरचा गोंधळायचा. तो मागायला आलेला असायचा, कोणाचं काढून घ्यायला नाही.

नव्वदच्या दशकात वाशीतल्या एका ट्रस्टच्या लहानशा हॉस्पिटलात मी ऑफिस सांभाळायचो. बाई तिथल्या मुख्य डॉक्टर. हॉस्पिटलला गाडी एकच होती. ती रोज सकाळी नर्सला घेऊन जवळच्या पावणे गावी जायची. तिथल्या गावात आणि कारखान्यांभोवतीच्या वस्तीत गरोदर बायकांची तपासणी, पोरांच्या लसी, असं काम दुपारपर्यंत चाले. एका सोसायटीच्या सेक्रेटरींना ती गाडी ज्येष्ठांच्या बीपी तपासणीसाठी हवी होती. बाई म्हणाल्या, “जरूर. उद्या तुम्हीच पावण्याला चला, गाडी येणार नाही असं बायकांना सांगू.” सेक्रेटरी चहा घेऊन गेले, ते पुन्हा आले नाहीत.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या माथाडी कामगारांची मागणी मात्र अशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तिथे अपघात व्हायचे. गाडी बाजारात उभी ठेवा, असं त्यांचं म्हणणं. बाई दोनदा जाऊन बाजार बघून आल्या, आठवडाभर विचार केला आणि गाडी पावण्यालाच ठेवली.

पुढे पावसाळ्यात एका कामगाराच्या अंगावर पत्र्यांची थप्पी घसरली. त्याला ट्रकमधून आणलं. रक्त फार गेलं होतं. तो वाचला नाही.

काही दिवसांनी त्याची बायको दिरासोबत आली. साताऱ्याकडची, तिशीच्या आतली. नेमके आमचे एक ट्रस्टीही खोलीत बसले होते. तिने बसायच्या आधीच विचारलं, “गाडी असती तर वाचलं असतं का, येवढंच सांगा.”

ट्रस्टी नशिबाबद्दल काही बोलू लागले. बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

“कदाचित वाचले असते, ताई. गाडी तिकडे न ठेवायचं मीच ठरवलं होतं.”

दीर उठून उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी होणार. पण वहिनीने त्याला खाली बसवलं.  मग म्हणाली, “तिकडं कुणाचं काय वाचलं?”

 “जे पोर आजारीच पडलं नाही, ते मला दाखवता येत नाही,” बाई हळूच म्हणाल्या.

ते तिला पटलं का, मला माहीत नाही. ती गेल्यावर ट्रस्टी बाईंवर चिडले; असं कबूल करायची काय गरज होती, असं त्यांचं म्हणणं.  त्या दिवसापासून सुटीच्या दिवशी बाई एकट्याच कळंबोलीला जाऊ लागल्या. कोण कुठे दुखावलं, कुठे पोहोचायला उशीर झाला, असं विचारत फिरायच्या. तुम्हीही अधिकारी पाहिले असतील. पाहणीला येतात ते बहुधा जिथे काम झालंय तिथे. बाई जिथे झालं नव्हतं तिथे जायच्या.

वर्ष सरता सरता त्यांनी गाडी कळंबोलीला हलवली. पावण्याला नर्स आता आठवड्यातून एकदाच, रिक्षाने जाणार होती. हे सांगायला त्या स्वतः गेल्या, मी बरोबर होतो. कडेवर पोर घेतलेली एक आगरी बाई म्हणाली, “आमची पोरां लोखंड उचलीत नाय, म्हनून का?”

  कळंबोलीचे दोन-तीन कामगार त्या गाडीमुळे वाचले. पावण्यात काय झालं, हे कोणी मोजलं नाही. मग बाईंनी नोकरी सोडली. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

काही वर्षांनी एका लग्नासाठी मी साताऱ्याला गेलो, तेव्हा तिथे राहायला गेलेल्या बाईंकडे डोकावलो. थकल्या होत्या. हॉस्पिटलला आता तीन गाड्या झाल्यात, नवी इमारत उठलीय, असं मी उत्साहाने सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकलं.

“पावण्याच्या बायका आता कुठे जातात?” त्यांनी विचारलं.

ते मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. त्या उठून चहा टाकायला आत गेल्या.