गाभाऱ्यातला हिरवा

लोलक उन्हात धरून मी वर्गाच्या भिंतीवर सात रंग पाडून दाखवत होतो. तेवढ्यात शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि नुसताच माझ्याकडे बघत राहिला. अक्का गेली, हे त्याला सांगावं लागलंच नाही... थोरली बहीण गेल्याचं दुःख कुणालाही होईल. माझ्या दुःखात मात्र एक काटा आहे. महिना उलटून गेला, तरी तो निघत नाही.

आई गेली तेव्हा मी रांगत होतो. अक्का लग्न होऊन सोलापूरला आली ती मला कडेवर घेऊनच. तिचे यजमान, माझे दाजी, आमच्या पेठेतल्या देवीचे पुजारी. पेठ सगळी तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. मागावर नवं कापड विणलं की त्यातला पहिला तुकडा ते देवीला आणून द्यायचे. त्यातले हिरवे तेवढे अक्का वर्षभर बाजूला काढायची आणि ते जोडून नवरात्रासाठी देवीचं वस्त्र शिवायची. त्यात तिचा जीव होता. शेजारणीनं कधी मदतीला हात पुढे केला, तर म्हणायची, ‘‘तुमी भाकरी थापा जावा. सुईचं मी बगती.’’ पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आणि हिरव्यात निळे तुकडे मिसळू लागले. वस्त्र धुऊन अंगणात वाळत घातलं की ते मला लख्ख दिसायचे. शेजारणींनाही दिसत असणार. पण एवढ्या मायेनं शिवतेय, कशाला मन दुखवा, म्हणून सगळेच गप्प राहिलो. आपण किती समजूतदार, असंही मला तेव्हा वाटायचं!

मीच मागे लागून तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन करवलं. पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. पायरीवर बसून ती एकदा हा डोळा झाकी, एकदा तो. समोर दोरीवर दाजींचं धोतर वाळत होतं.

‘‘सदा, ह्या डोळ्यानं धोतर निळसर दिसतंय, आन् ह्या डोळ्यानं तुपावानी पिवळं. खरं कंचं रं?’’

मी पडलो सायन्सचा मास्तर. ‘‘नवा डोळा खरा, अक्का. जुन्यातलं भिंग पिवळं पडलंय. ते निळा उजेड आत येऊच देत नाही.’’

ती पायरीवरून उठली. मग आत जाऊन तिनं पेटीतलं वस्त्र आणलं, उन्हात पसरलं आणि जुना डोळा तळहातानं झाकला...

‘‘हे निळं कवापासनं?’’

‘‘झाली असतील काही वर्षं.’’

‘‘तुला दिसत हुतं?’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् तू बोलला न्हाईस. देवीला मी असलं नेसवत हुते, सदा!’’

तिनं वस्त्राची घडी घालून ते पेटीत ठेवलं. हे पुन्हा काढू नका, असं दाजींना बजावलं. त्यानंतर तिनं सुई हातात धरली नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करू म्हटलं, तर म्हणाली, ‘‘आता काय बगायचं ऱ्हायलंय?’’ गाभाऱ्याच्या उंबऱ्याशीही ती येईना. लांबून, मंडपाच्या खांबाआडून हात जोडायची आणि घरी जायची.

पोरांना मी दरवर्षी काय शिकवतो? रंग कापडाला चिकटलेला नसतो. कापडावर उजेड पडतो, त्यातला थोडा ते गिळतं, उरलेला परत पाठवतं. डोळ्यातल्या भिंगातून तो गाळला जाऊन आतल्या पडद्यावर पडतो आणि मग मनाला रंग दिसतो. उजेड बदला, डोळा बदला, रंग बदलला. म्हणजे अक्कानं ज्या डोळ्यानं ते तुकडे निवडले, त्या डोळ्यात ते हिरवेच होते. तिची निवड चुकली नव्हती. नव्या डोळ्यातलं भिंग तर ऑपरेशनात काढूनच टाकलं होतं, त्यामुळे त्याला माझ्याहूनही जास्त निळं दिसत होतं. तो कसला खरा? परीक्षेसाठी पोरांकडून घोकून घेतो ते मी तिला सांगितलं नाही. ज्या बाईनं मला वाढवलं, तिला मी नुसती तिची चूक दाखवली. आधी गप्प बसून फसवलं आणि नंतर शहाणपण करून मोडलं.

सुतक फिटल्यावर दाजींनी ते वस्त्र बाहेर काढलं. ‘‘तिच्या हातचं हाय. एकदा नेसवतो,’’ म्हणाले. संध्याकाळच्या आरतीला त्यांनी मला पहिल्यांदाच आत बोलावलं, समई धरायला. गावात विजेचे दिवे आले, पण गाभाऱ्यात अजून तेलाचीच वात. मी निळे तुकडे शोधू लागलो... सापडेनात. तेलाच्या त्या पिवळ्या ज्योतीत निळा उजेड नावापुरताच. खांद्यापासून पायापर्यंत देवी एकाच गर्द हिरव्यात उभी होती.

‘‘दाजी, यातले निळे तुकडे तुम्हाला कधी दिसले नाहीत?’’

‘‘निळे? धुनं-वाळवनं समदं तिचं. मी हितंच नेसवतो, हितंच उतरवतो. मला तर हिरवंच दिसतंय की!’’ मग ते माझ्याकडे वळले. ‘‘म्हंजी त्यापायी तिनं सुई टाकली? मला तर म्हनायची, बोटं दुखत्यात...’’

 तिला हाताला धरून एकदा, फक्त एकदा, या उंबऱ्याशी आणायला हवं होतं; नव्या डोळ्यालाही इथं हिरवंच दिसलं असतं. बाहेर घंटा वाजू लागली. ‘‘समई नीट धर, सदा, त्याल सांडतंय,’’ दाजी पुन्हा पुन्हा सांगत होते आणि मी समई आणखी जवळ नेऊन अजूनही त्या हिरव्यात निळं शोधत होतो.