वकील निवडून देणारे

परभणीच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली ते रोज बसायचे. स्वतः वकील नव्हते. कोणी कोणता वकील करावा, एवढंच सांगायचे. निजामी गेली तशी वकिलांची शेरवानी जाऊन काळा कोट आला, पण यांची बैठक हलली नाही.

आमचे चुलते निपुत्रिक वारले आणि त्यांच्या झरी गावच्या जमिनीवरून माझं नि दुसऱ्या चुलत्यांकडच्या चुलतभावाचं वाजलं. मी यांच्याकडे गेलो. पानाला चुना लावत म्हणाले, "शांत वकील करू नका. जो लय खाकरतो, त्याला मुन्सफबी भितो."

मी खाकरणारा केला. तारखेला पाहतो, तर चुलतभावाचा वकील त्याहून मोठ्यानं खाकरतोय. तोही यांनीच निवडून दिलेला!

पुढं यांचे वडील गेले. आता हे स्वतःला कोणता वकील करतात, ते बघायला मुद्दाम घरी गेलो. वाटणी होऊन गेली होती. रिवाजाप्रमाणे थोरल्यानं, म्हणजे यांनी, वाटे पाडले आणि धाकट्यानं हवा तो आधी उचलला. दोघं भाऊ एका ताटात जेवत होते.

"आणि वकील?" मी विचारलं.

"घरच्या कामात वकील कशाला, भाऊ?" घास गिळून ते म्हणाले, "तुमची तारीख कवा हाय?"