मधल्या रांगेतले आजेसासरे

आमच्या घरी सहा वर्षं पितृपक्षात दुसऱ्याच कुणाच्या तरी वडिलांना खीर-वडे खाऊ घातले जात होते, आणि ही व्यवस्था मी केली होती.

त्याचं असं झालं. माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, दोन वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. घरात एकही फोटो नाही. श्राद्धाच्या दिवशी सासूबाई पाटावर एक सुपारी ठेवायच्या आणि बाबा त्या सुपारीला वाकून नमस्कार करायचे. एका वर्षी नमस्कार करून उठले आणि मला म्हणाले, "सूनबाई, मी आता सत्तरीले आलो. उद्या वर गेलो तं आपला बाप ओळखू तं आला पाहिजे ना! तेवढ्या गर्दीत कोनाले विचारत फिरू?"

बाबा हसत हसतच बोलले, पण मी ते मनावर घेतलं. मी पदर खोचला. (मी पदर खोचला की आमचे हे घराबाहेर जातात. त्या दिवशीही गेले.)

माळ्यावरच्या ट्रंकेत मला एक ग्रुप फोटो सापडला. आमच्या रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या मंदिराच्या पायऱ्यांवर बसलेली, गणपतीत नाटक करणारी आपली मराठी मंडळी. तीन रांगा, सगळे टोपी-कोटात. आणि फोटोच्या मागे, शाईनं, तीन रांगांत सगळ्यांची नावं! मधल्या रांगेत डावीकडून तिसरं नाव आजेसासऱ्यांचं. मी फोटो सुलटा केला, मधली रांग, डावीकडून एक, दोन, तीन... आणि काय सांगू! काय तो रुबाब! काय त्या मिशा! लिंबू ठेवलं तर घसरायचं नाही!

तेव्हा रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. रोज एक नवीन दुकान उघडायचं. गोल बाजाराजवळ कॉम्प्युटरवर जुने फोटो नवे करून देणारा एक जण बसला होता. मी थेट त्याच्याकडे गेले.

"भैया, बीच वाली लाइन, बाएँ से तीसरे. इनको बड़ा कर दो."

"दीदी, मूँछ थोड़ी डार्क कर दूँ?"

"हव, कर दो!" मी म्हटलं. कंजूषपणा कशाला? त्यानं मिशा काळ्या केल्या, टोपी भगवी केली आणि मागे निळं आभाळ घातलं.

फोटो बैठकीत लागला. बाबा त्याच्यासमोर अर्धा तास नुसते उभे होते. मग हळूच म्हणाले, "कडक मानूस दिसते." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिशा वाढवायला घेतल्या. आमच्या चौबे कॉलनीत येणारा-जाणारा म्हणायचा, "अगदी वडिलांवर गेलात हो!" बाबा लाजायचे. नाकही तेच निघालं, कपाळही तेच निघालं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते फोटोसमोर बसत आणि सगळी खबर देत. "बाबा, नात पास झाली. बाबा, चौकात सिग्नल लागला, आता रस्ता पार करता येत नाही." मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे. साऱ्या जन्मात केलेलं हे एकच काम मला बिनचूक वाटत होतं.

सहा वर्षांनी आत्या आल्या. बाबांची मोठी बहीण, एक्याऐंशी वर्षांच्या, अमरावतीला राहणाऱ्या. गुडघ्यांनी इतकी वर्षं त्यांना घरात बसवलं होतं. गुडघे बदलले तशा पितृपक्षाला म्हणून आल्या. मी फोटोला ताजा हार घातला होता, समोर उदबत्ती. आत्यांचा हात धरून त्यांना फोटोपुढे नेलं आणि शाबासकी घ्यायला बाजूला उभी राहिले.

आत्यांनी चष्मा पुसला. परत लावला. मग काठी उचलली.

"अवं बाप्पा! हा केशवराव इथं काहून टांगला?"

"कोण केशवराव?" बाबांनी विचारलं.

"माह्या बापाचा वैरी! एकाच पाऱ्यात, एकाच मोहल्ल्यात राहून दोघं मरेपर्यंत बोलले नाहीत! नाटकात राजाचं काम बाबांचं होतं, सारं पाठ होतं त्यांचं. ह्यानं ऐन वेळी हिसकावलं. का तं म्हणे, माह्या मिशा खऱ्या आहेत!"

बाबांचा हात आपोआप स्वतःच्या मिशांवर गेला.

"मी ह्याले सारं सांगितलं," बाबा बारीक आवाजात म्हणाले. "सहा वर्षं. शुगर वाढली ते सांगितलं. बसस्टँडवर चोरून समोसे खाल्ले ते सांगितलं."

"कधी खाल्ले?" सासूबाई कडाडल्या.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कुठली बसते! "आत्या, तुमची नजर अधू झाली असेल. मागे नाव लिहिलंय, मी स्वतः मोजलंय!" असं म्हणून मी ट्रंकेतून मूळ फोटो आणून त्यांच्या हातात दिला. फोटोतले चेहरे चण्याएवढे, आत्यांना काही नीट दिसेना. त्या म्हणाल्या, "मले त्या पायऱ्यांवर घेऊन चला. बाबा कुठं बसले होते ते मी बसून दाखवतो." म्हणून भर दुपारी आम्ही पाच जण एका ऑटोत कोंबून पुरानी बस्तीत गेलो. केशवरावांची तसबीरही सोबत होती, कारण हार घातलेल्या माणसाला एकटं कसं ठेवायचं, असा सासूबाईंना प्रश्न पडला.

मंदिर रंगवलेलं होतं, पण पायऱ्या त्याच होत्या. आत्यांनी सूत्रं हातात घेतली. ह्यांना एका पायरीवर बसवलं, मला दुसरीवर, आणि तसबीर तिसऱ्या जागी ठेवली. पुजारी धावत आले.

"का होगे दाई? शूटिंग चलत हे का?"

"नहीं महाराज, बाबूजी को ढूँढ रहे हैं," आमचे हे म्हणाले. महाराजांनी तसबिरीकडे पाहिलं, हार पाहिला आणि फार कळवळून म्हणाले, "ये तो गुज़र गए हैं बेटा!"

तेवढ्यात ह्यांनी मूळ फोटो हातात घेतला. बराच वेळ एकदा पुढून, एकदा मागून पाहत राहिले. मग मला विचारलं, "मागची नावं वाचायले तू फोटो पलटवला?"

"मग? न पलटवता मागचं दिसतं का?"

"आणि पलटवल्यावर डावीकडचा मानूस उजवीकडे जात नाही का?"

मी फोटो त्यांच्या हातातच पलटवून पाहिला. ज्यानं कोणी नावं लिहिली होती, त्यानं प्रत्येकाचं नाव बरोब्बर त्याच्याच पाठीमागे लिहिलं होतं. मी मोजायला हवं होतं उजवीकडून!

"सुपारीच बरी होती," सासूबाई म्हणाल्या. "ती तरी कोनाशी भांडली नव्हती."

ह्यांनी उजवीकडून मोजलं. एक, दोन, तीन. तिसऱ्या जागी एक बारकासा, बिनमिशीचा माणूस होता. त्याच्या मांडीवर फ्रॉकातली एक पोरगी, भोकाड पसरलेली. मी त्या माणसाकडे कधी धड पाहिलंही नव्हतं, कारण तो कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता.

"पोट्टी रडून राहिली का त्यात?" आत्यांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. "ती मी होय. फोटोवाल्यानं डोक्यावर काळा कपडा घेतला, मी भ्यायली. सारे वरडत होते, हिले घरी न्या. बाबांनी नाही नेलं. म्हणे, माही पोरगी फोटोत पाहिजे."

बाबा खालच्या पायरीवर बसले. ह्यांनी खिशातून भिंग काढलं (मोबाइलच्या रिचार्ज कार्डावरचे आकडे वाचायला घेतलेलं) आणि फोटोवर धरलं. आम्ही सगळे वाकलो. तो माणूस रडणाऱ्या पोरीकडे पाहून हसत होता. अगदी मनापासून, दात दिसतील असा.

"हसून राहिले," बाबा म्हणाले. "मले वाटे, फार कडक होते." पंचाहत्तर वर्षांचा माणूस त्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. आत्यांनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि त्याही रडल्या. मी तर कधीची रडत होते, पण माझ्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती, आणि तेच बरं होतं.

केशवरावांना आम्ही मंदिरात महाराजांच्या स्वाधीन केलं. सहा वर्षं जेवू घातलेल्या माणसाला कचऱ्यात कसं टाकणार? निघताना बाबांनी त्यांनाही नमस्कार केला. "ऐकून घेतलं बिचाऱ्यानं, कोनाले सांगितलं नाही," म्हणाले.

नवा फोटो मोठा करायला ह्या वेळी हे स्वतः गेले. मला दुकानाच्या पायरीवर बसवलं होतं. आठवड्यानं तो बैठकीत लागला, हसरे आजेसासरे आणि मांडीवर रडक्या आत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मिशा साफ उतरवून, चहाचा कप घेऊन फोटोसमोर बसले. सहा वर्षांच्या खबरा पहिल्यापासून सांगायच्या होत्या. ओळख करून द्यायला त्यांनी मला आतून हाक मारली. मी पदर सारखा केला, डोळे पुसले आणि हात जोडून उभी राहिले.

"बाबा," ते फोटोला म्हणाले, "ही तुमची नातसून. तुमच्यासाठी लय धडपडली. पोरगी लाख चांगली आहे. फक्त हिले कधी काही मोजाले सांगू नका."