बुजवलेली भोकं

ऑइलपेंटचा वास आला की मी शिकवायचो त्या जालन्याच्या कॉलेजातले आमचे विभागप्रमुख आठवतात. इलेक्ट्रॉन फ्रॅक्टल, म्हणजे तोच आकार लहान होत पुन्हा पुन्हा येणाऱ्या, नक्षीतून कशी वाट काढतात हे दाखवायला मी पत्र्याचा त्रिकोण कापला होता. मधोमध त्रिकोणी भोक, उरलेल्या प्रत्येक तुकड्यात पुन्हा तसंच भोक. तपासणी समिती यायच्या दिवशी सकाळी पाहतो तर सगळी भोकं पुट्टीनं बुजवून वर निळा रंग फासलेला. "पत्रा सडून गेल्ता, बराबर करून घेतला," सर ऐटीत म्हणाले. "सर, त्या भोकांमुळंच तर वाट ठरते!" "कमिटीला काय कळत न्हाई." खरंच होतं ते. दुपारी त्या सपाट पत्र्यावर मी इलेक्ट्रॉनची वळणं बोटानं दाखवली आणि समितीनं माना डोलावल्या. आता मीच समितीवर जातो, आणि बोटाला ओला रंग लागला तरी मान डोलावतो.