डॅनिशमध्ये पुरलेले झगे

आमच्या झगेवाल्या काकू नवीन माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडे न बघता काखेकडे बघत. "मुंढा चुकलाय रे तुझ्या शर्टाचा, बाही काखेत ओढतेय," हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. अमेरिकेतल्या ट्रॉय गावी, मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत. मी पुण्याहून नुकताच आलेला प्रोग्रॅमर. इथे लोक असंच स्वागत करत असतील, असं समजून मी 'थँक यू' म्हणालो.

काकू मूळच्या नागपूरच्या. काका मोटारींच्या सीट डिझाइन करायचे आणि काकू जवळच्या विद्यापीठात तात्पुरत्या लेक्चरर होत्या. विषय, मध्ययुगीन स्कँडिनेव्हियाचे कपडे. ग्रीनलँडच्या गोठलेल्या जमिनीत, तिथे जाऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या जुन्या थडग्यांतून लोकरी झगे निघाले होते, त्यांच्यावर काकूंचा जीव. पैठणी सोडून परक्या मेलेल्यांचे कपडे कोण अभ्यासतं, हे मंडळाला कळेना. "एवढं शिकून शेवटी शिंपीणच!" एक बाई ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. काकू शांतपणे म्हणाल्या, "शिंपीण असते तर गिऱ्हाईक तरी आलं असतं."

गिऱ्हाईक येणार कसं? या झग्यांवरचं मोठं पुस्तक डॅनिशमध्ये. शेवटी अर्ध्या पानाचा इंग्रजी सारांश, त्यातून झगे सापडले एवढंच कळायचं. "कष्टाने थडग्यातून कपडे काढले, आणि लगेच डॅनिशमध्ये पुरले," काकू म्हणत. मग शब्दकोश उशाशी ठेवून त्या स्वतः डॅनिश शिकल्या आणि सगळं सोप्या इंग्रजीत लिहू लागल्या. कापड कसं कापलं, घेरासाठी तिकोनी कळ्या कुठे बसवल्या, टाका कोणता. विभागप्रमुखांना हे आवडलं नाही. ते म्हणाले, "ज्याला खरी तळमळ असेल तो डॅनिश शिकेल." तत्त्व थोर होतं. त्यांना स्वतःला डॅनिश येत नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

इंटरनेट तेव्हा नवंनवं होतं. मी काकूंना एक वेबपेज करून दिलं. आकृत्या इतक्या, की पान उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. तरी लोक आले. ऑस्ट्रेलियातली नर्स, जपानमधले शिक्षक, आणि टेक्ससमधले अकाउंटंट, जे शनिवार-रविवार हौसेने जुने पोशाख चढवून मध्ययुगीन सरदार व्हायचे. सगळ्यांना झगा शिवायचा होता, सगळ्यांना शंका होत्या. काकू प्रत्येकाला उत्तर देत.

विद्वानांच्या जगात वाचक मिळणं हा गंभीर गुन्हा असतो, हे मला त्या वर्षी कळलं. हे 'लोकप्रिय' लेखन आहे, संशोधन नव्हे, असं ठरवून विभागाने काकूंचा करार वाढवला नाही. त्या दिवशी काकू घरी आल्या आणि गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिल्या. काका बघायला गेले. "अगं, काय करतेस?" "पार्क करतेय," काकू म्हणाल्या. गाडी केव्हाच पार्क झाली होती.

पुढे एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना डेन्मार्कहून फोन आला. ते पुस्तक लिहिणाऱ्या बाई! आता निवृत्त, म्हाताऱ्या. काकू उठून उभ्या राहिल्या आणि खणखणीत डॅनिश बोलल्या. पलीकडून बाईंनी इंग्रजीत नम्रपणे विचारलं, ही कोणती भाषा? काकूंनी वर्षानुवर्षं डॅनिश वाचलं होतं, कानावर कधीच पडलं नव्हतं. त्या कानापर्यंत लाल झाल्या. पण मग दोघी इंग्रजीत इतक्या बोलल्या की आमटी थंडगार झाली.

"काय म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

"म्हणाल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तुमचं पान वाचून, लोक मला शंका विचारतायत. तेही रोज." काकूंनी डोळे पुसले आणि आमटी गरम करायला गेल्या.

काका रिटायर झाल्यावर दोघं नागपूरला परतली. वेबपेज माझ्याकडे राहिलं. अडलं की मी काकूंना फोन करायचो. त्या गेल्यावर त्यांच्या कागदांत शोधून उत्तरं देऊ लागलो. करार न वाढवणाऱ्या विभागानेही ते पान विद्यार्थ्यांना वाचायला लावलं, नाव तेवढं गाळून. विद्वत्तेचा विनय म्हणतात तो हाच असावा.

एकदा कोपनहेगनच्या एका विद्यार्थिनीची ईमेल आली. मूळ डॅनिश पुस्तक तिला जड जात होतं, काकूंचं इंग्रजी वाचून कळलं. तिची एक शंकाही होती. मी काकांना फोनवर ती वाचून दाखवली. 

"त्या पोरीला लगेच उत्तर दे रे," काका म्हणाले. "कुणाची शंका आली, की हिला जेवण सुचायचं नाही."