दुसऱ्या मजल्यावरची शेवटची मोरी

लोक म्हणतात, मालकानं भाडं घ्यावं आणि गप्प बसावं. भाडेकरूच्या घरात डोकावणं बरं दिसत नाही. दिसत नसेल. पण न डोकावल्यानं काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून बोलते.

फणसवाडीत माझ्या सासरची दोन मजली चाळ होती. सगळा सांगाडा लाकडी, फळ्यांच्या तक्तपोशीवर लाद्या बसवलेल्या आणि प्रत्येक खोलीत एक मोरी. असल्या इमारतीला ऊन-वारा काही करत नाही, तिला मोरी खाते. एक लादी उचकटली की पाणी हळूहळू तुळईत मुरतं आणि वरून सगळं छान दिसत राहतं. मामंजींना हे पक्कं ठाऊक होतं. पूर्वी ते वर्षातून एकदा खोल्या बघून यायचे म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती आणि मामंजी तिच्यात गळ्यापर्यंत बुडालेले. संध्याकाळी चौपाटीवरच्या सभेत ज्याच्या खांद्याला खांदा लावून घोषणा द्यायच्या, त्याच्याच दारात सकाळी उभं राहून ‘मोरी दाखवा’ कसं म्हणायचं? त्यांना ते जमेना.

भाडेकरूही काही कमी नव्हते. मालक दिसले की दार अडवून उभे. कुणी न विचारता पोटमाळा टाकलेला, कुणी भाचा म्हणून भलताच माणूस ठेवून घेतलेला. सगळं ठीक आहे मालक, एवढं सांगून बोळवण करायचे.

सासूबाईंनी यावर तोड काढली होती. चैत्रात खोलीखोलीतून गौर बसायची आणि हळदीकुंकवाची बोलावणी यायची. पावसाळ्याआधीचा उकाडा, घरोघर दारं उघडी. कुंकवाला आलेल्या सवाष्णीला उंबऱ्यावर अडवायची कुणाची छाती आहे? पहिल्या चैत्रात मी त्यांच्याबरोबर फिरले तेव्हा मला वाटलं, बाईंना मालकीणपणाचा तोरा फार. कुंकू लावून घेताना हनुवटी नको इतकी वर. कुंकू लावायला कुणाचं बोट आलं की मी आपली डोळे मिटून घ्यायची, लहानपणापासूनची सवय. सासूबाई मात्र टक्क उघड्या डोळ्यांनी छत बघत होत्या. पाटावरून उठताना टाच दाबून उठायच्या. मग हात चिकट झाले म्हणत थेट मोरीत. चाळभर आंबेडाळ खाऊन घरी आल्या की मामंजींपुढे बसायच्या. जिन्याजवळच्यांची तुळई फुगलीय, अमक्यांच्या मोरीची कोपऱ्यातली लादी हलतेय. आठवड्याभरात मामंजी रे रोडच्या वखारीतून लाकूड आणायचे आणि त्या खोलीत सुतार हजर. मालकांना बसल्याजागी सगळं कळतं, अशी त्यांची चाळीत ख्याती झाली. सासूबाई पदराआड हसायच्या.

या फेरीत एक खोली नसायची. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत शिवणाच्या बाई राहायच्या. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मुलींना शिवण शिकवत. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. विधवेच्या घरी हळदीकुंकू कसलं? आमच्या गौरीची डाळ-पन्हं त्यांना पोचवायचं काम माझ्याकडे असे. त्या दारातच वाटी घ्यायच्या, रिकामी करून दारातच परत द्यायच्या. हे तेव्हा कुणाला खटकत नव्हतं. मलाही नाही. त्यांच्या अगदी खालच्या खोलीतली आरास चाळीत सगळ्यांत देखणी. गौरीवर भरजरी साड्यांचं छत ताणलेलं असे. सासूबाई हनुवटी वर करायच्या आणि त्यांना तक्तपोशीऐवजी साड्यांची जर दिसायची.

तिसऱ्या चैत्रात मी पोटुशी होते. डाळीची वाटी घेऊन भर दुपारी दोन जिने चढले आणि बाईंच्या दारात मला घेरी आली. अशा बाईला दारात उभं कोण ठेवणार? त्यांनी मला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. जरा बरं वाटल्यावर तोंडावर पाणी मारायला मी मोरीकडे वळले, तर त्यांनी माझा दंड घट्ट धरला. तिथे नको म्हणाल्या.

मोरीवर एक फळी आडवी टाकलेली होती. फळीखाली लाद्या जुन्या बाजेसारख्या मधोमध खचलेल्या. बाई भिंतीला चिकटून कडेला बसून आंघोळ करत होत्या. खालच्या घरातली मोरी अगदी त्याच जागी, आणि तिथे रोज सकाळी लहान मुलांना आंघोळी घालत.

सांगितलं का नाहीत, मी विचारलं. भाड्याची पावती अजून नवऱ्याच्या नावावर, त्या म्हणाल्या. दुरुस्तीसाठी खोली रिकामी करायला सांगतील, आणि एकदा बाहेर पडलेल्या एकट्या बाईला परत आत कोण घेतो? मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “इतकी वर्षं आत कुणी आलं नाही, म्हणून मी इथे टिकले. आता तुम्ही पाहिलंत.”

खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही. राग आला, तोही नक्की कुणाचा ते कळेना.

मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या हातातली कैरी तशीच टाकून वर गेल्या. फळी सरकवली, मोरीच्या कडेला टाच टेकवली आणि चटका बसल्यासारखी उचलली. तिथून खालच्या घरी. गौरीवरचं छत सोडायला लावलं, तर वरची फळी न् फळी काळी पडलेली. ठिबकतं कधीकधी, पण वर एकट्या बाई, त्यांच्याशी कुठे भांडायचं म्हणून मूग गिळून बसलो, असं त्या घरच्यांनी सांगितलं. सासूबाईंनी मुलांच्या आंघोळी त्याच दिवसापासून आमच्या मोरीत सुरू केल्या आणि पुन्हा वर गेल्या.

शिवणाच्या बाई ट्रंक भरत होत्या.

“ट्रंक राहू द्या,” सासूबाई म्हणाल्या. “कुलूप तुमचं, किल्ली तुमच्याकडे. लाद्या बसेपर्यंत रात्री आमच्याकडे झोपायला या.”

बाईंनी किल्ली पदराला बांधली. रोज शाळेत जाण्याआधी स्वतः येऊन सुताराला दार उघडून द्यायच्या. सुतारानं तुळईला हात घातला तर ती भिजलेल्या पावासारखी हातात आली. त्या वर्षी पाऊस पडला तेव्हा खाली मुलं खिदळत आंघोळी करत होती आणि वर बाई मोरीच्या मध्यावर बसून.

पुढे मामंजी गेले. वर्षश्राद्ध झालं आणि पुन्हा चैत्र आला. महाराष्ट्र मिळणार हे तोवर नक्की झालं होतं. पोरं गॅलरीभर पताका लावत होती, कंदील टांगत होती. मामंजी हवे होते, असं येणारा-जाणारा म्हणायचा. तीच माणसं हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आली आणि म्हणाली, सूनबाईंना पाठवा. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. ज्या बाईनं टाच दाबून दाबून ही चाळ उभी ठेवली, तिला आता एका खोलीत पाऊल टाकायची सोय उरली नव्हती. माझं डोकं फिरलं. मी जाणारच नाही म्हणाले. त्या डाळीची वाटी घेऊन जिना चढून गेल्या.

संध्याकाळी मी लेकीला घेऊन वर गेले. शेवटच्या खोलीत दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मध्ये रिकामी वाटी. बाईंनी लेकीला माझ्याकडून घेतलं.

“जा,” सासूबाई म्हणाल्या. “आणि कुंकू लावून घेताना डोळे मिटू नकोस. वर बघ.”

मी खाली गेले, पहिल्या घरात पाटावर बसले आणि हनुवटी वर केली.