कार्डाची पाठ

छापलेला कागद ते आधी उलटा करायचे आणि अक्षरांचा दाब लागतो का बघायला पाठीवरून बोट फिरवायचे. "उठलंय," म्हणायचे, मग गिऱ्हाइकाला द्यायचे.

भाईंदर पश्चिमेला त्यांचा एका गाळ्याचा छापखाना होता. तुमच्यापैकीही कुणी तिथे पावतीपुस्तकं करून घेतली असतील. आमच्या सोसायटीची मी सहा वर्षं करून घेतली. शेजारी कॉम्प्युटरवाला आला तेव्हा मी विचारलं, "काका, तुम्ही कधी घेताय?"

"तो छापत नाही, सेक्रेटरी. रंगवतो. मुद्रा म्हणजे शिक्का, त्यावरून मुद्रण. इंग्रजी प्रिंटचं मूळही दाबणंच. शाई काय, दिसावं म्हणून."

हे मी किमान वीस वेळा ऐकलं असेल.

शेवटच्या वर्षी ते मजकूर वाचून दाखवायला सांगू लागले. "तुमचं अक्षर म्हणजे डॉक्टरचं." माझं अक्षर चांगलं आहे. छपाईचे खिळे मात्र ते न बघता उचलायचे. कुठलं अक्षर कुठल्या खणात, हे हाताला पाठ होतं. साखर वाढल्याचं काकू बोलल्या होत्या. मी या गोष्टींची बेरीज केली नाही.

आई गेली तेव्हा तेराव्याची शंभर कार्डं त्यांनाच सांगितली. अडीचशे रुपये आगाऊ दिले. गठ्ठा घरी आणून मोजला. पहिली एकतीस काळीभोर, पुढची नऊ फिकट होत गेलेली. उरलेली साठ कोरी.

परत जाऊन कोरं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं.

"छान उठलंय की."

"काका, शाई संपली होती."

त्यांनी कार्ड सुलटं केलं, डोळ्यांपाशी नेलं, मग दाराच्या उजेडात धरलं.

"किती?"

"साठ."

एक-दोन म्हणालो असतो तर कदाचित त्यांनी आणखी काही दिवस काढले असते. ते स्टुलावर बसले. "कुणाला बोलू नका. आहे ते कामही जाईल."

मी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शटर उघडलं नाही.

ती साठ कार्डं बायकोने आणि मी पेनाने गिरवली. दाब इतका स्वच्छ होता की पेन कुठे वाट चुकलं नाही.

तेराव्यानंतर आठवड्याने काकू घरी आल्या. मशीन भंगारात दिलं म्हणाल्या, आणि टेबलावर पैसे ठेवले.

"काकू, एकतीस चांगली होती. तेवढ्यांचे तरी ठेवा."

"हे म्हणाले, पूर्ण द्यायचे. आणि सेक्रेटरींना मोजायला लाव."

मी मोजले. अडीचशे होते.